बोलिव्हियातलं बंड आणि शेजारचा गाळा

शेजारच्या गाळ्याचा मालक आठ वर्षं माझा ऑपरेटर होता. लेथवर उभं कसं राहायचं इथपासून मी त्याला शिकवलं. त्याने स्वतःचं शॉप टाकलं तेव्हा मी नारळ घेऊन गेलो होतो. पण बोलिव्हियाची ऑर्डर त्याला मिळाली, ते मला अजून पचलेलं नाही.

कारण ते गिऱ्हाईक आधी माझ्याकडे आलं होतं. पन्नाशीचा, बुटका, शांत माणूस. खाणीतल्या पंपांचे बुश, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसणाऱ्या धातूच्या नळ्या, हव्या होत्या. तासभर घासाघीस करून मी माझा दर पदरात पाडून घेतला. मग चहा पिताना तो देशाबद्दल बोलू लागला. त्याच्या आजोबांनी राष्ट्राध्यक्षाचं प्रेत चौकातल्या दिव्याच्या खांबाला लटकलेलं पाहिलं होतं. त्याच्या लहानपणी रेडिओवर सकाळीच लष्करी बँड लागला, की आई शाळेचा डबा भरायची थांबायची. सरकार बदललं, आज शाळा नाही. आता लोक रस्त्यावर दगड रचून बसतात आणि ट्रक आठवडेच्या आठवडे अडकतात.

मला वाटलं, ठरलेला दर पुन्हा पाडायला रडतोय. आमच्याकडे गिऱ्हाईक असंच रडतं. पण त्याने विचारलं एवढंच, की तसं काही झालं तर तयार माल दोन-तीन महिने ठेवून घ्याल का?

माझं डोकं फिरलं. "दंगा तुमच्या देशात, आणि जागा माझी अडवायची?"

तो उठला आणि शेजारी गेला. तिथे तेच विचारलं. आमच्या चहावाल्याने ऐकलेलं उत्तर असं: "ठेवतो की. लोखंड काय चारा मागतंय?"

दोन वर्षांत त्याच्याकडे दुसरं सीएनसी मशीन आलं. माझं एक मशीन झाकून ठेवलेलं.

मग एका गुरुवारी सकाळी मोबाइलवर दिसलं, बोलिव्हियात सैनिक चौकात घुसलेत आणि चिलखती गाडी राजवाड्याच्या दाराला धडका देतेय. मी पुढचं वाचलंच नाही. खोटं कशाला बोलू, आनंद झाला. गुरुवारी आमची भोसरी एमआयडीसी बंद असते, तरी गाडी काढली. त्याचं तोंड बघायचं होतं.

सगळी लाइन बंद, फक्त त्याचं शटर वर. तो खोक्यांना पट्ट्या मारत होता.

"बातमी बघितली का?" मी विचारलं.

"ते तीन तासांत मिटलं, शेठ. सेनापती तुरुंगात गेला. आपण झोपलो होतो तेव्हाच. सकाळी त्यांचा फोन आलेला." त्याने खोक्यावरची धूळ झटकून मला बसायला सांगितलं. "बरं झालं आलात. खेप वाढवलीय त्यांनी, मला एकट्याला झेपणार नाही. निम्मे बुश तुम्ही करता का?"

"दर?"

"तुम्ही त्यांच्याशी ठरवला होता तोच. पण रस्ते बंद झाले, तर माल ठेवून घ्यायचा."

मी अर्धा तास भांडलो. दर हलला नाही, अटही नाही. तो एकदाही चिडला नाही, याचाच जास्त राग आला. माझ्याकडे असताना दर कसा धरून बसायचा, हे तो बघत होता म्हणायचं.

शुक्रवारी मशीनवरचं कापड काढलं. बुशचं ड्रॉइंग आणायला शेजारी मात्र मी गेलो नाही, सुपरवायझरला पाठवलं.