सुगेंगची मोकळी जागा

बहारीनमधल्या जिदहफ्सच्या बाजारात मुनाफ परकारचं फ्रेमचं दुकान आहे. रत्नागिरीकडचा हा माणूस बावीस वर्षं दुसऱ्यांची चित्रं चौकटीत बसवतोय, आणि त्यामुळे आपल्याला चित्रातलं कळतं अशी त्याची ठाम समजूत होती. निदान गेल्या वर्षापर्यंत तरी होती.

त्याच्याकडे सुगेंग नावाचा इंडोनेशियातल्या जावाचा चित्रकार यायचा. गावी तो ट्रकांच्या मागच्या फळ्या रंगवायचा. उम्म अल हस्सममधल्या एका हॉटेलाच्या भिंतीवर भातशेती काढायला म्हणून बहारीनला आला आणि इथेच राहिला. पोटासाठी घोडे, ससाणे, फोटोवरून कुणाकुणाचे आजोबा. स्वतःसाठी मात्र वर्षाला एखादंच चित्र, तेही फोटो न बघता. बघितलेलं आधी विसरायचं आणि मग जे उरेल तेवढंच काढायचं, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे त्याच्या चित्रात माणूस तळाशी वीतभर आणि वर सगळं मोकळं.

"मुनाफभाई, ये खाली नहीं है," तो म्हणे. "देखनेवाला इधर बैठेगा."

मुनाफ मान डोलवायचा आणि मनात म्हणायचा, आळशी आहे लेकाचा.

गेल्या वर्षी बुसैतीनमधल्या एका छोट्या गॅलरीने सुगेंगला प्रदर्शनात जागा दिली. एकाच चित्राची. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच कुणी त्याचं स्वतःचं चित्र मागितलं होतं. त्याने आईचं दिलं. ती वारली तेव्हा त्याला गावी जाता आलं नव्हतं. तळाशी बांधावर उभी पाठमोरी बाई आणि वर अडीच फूट फिकट राखाडी. त्या राखाडीवर तो आठ महिने रंगाचे पातळ हात देत होता.

मुनाफला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. सुगेंगने स्वतः सांगितलं होतं. पण उद्घाटनाच्या आदल्या दिवशी फ्रेमची पट्टी कमी आली, आणि मुनाफला दुकानातली तयार सोनेरी फ्रेम आठवली. काय झकास दिसेल! फक्त दोन फूट आखूड. वर तर नुसतं राखाडीच आहे. त्याने कटर फिरवला, कॅनव्हास लहान चौकटीवर ताणला. कापलेला तुकडा कचऱ्याच्या गाडीत गेला.

गॅलरीत सुगेंगने फ्रेमच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं. मुनाफ शाबासकीची वाट बघत होता.

"ऊपर का किधर है?"

"फेक दिया."

"खलास?"

"खलास."

सुगेंग हसला. आपण काय करून बसलो ते मुनाफला ते हसणं बघून कळलं.

एवढ्यात हाशिम नावाचे तिथलेच एक वयस्क चित्रकार आले. बाईच्या डोक्यावर फ्रेम अशी दाबून का बसवलीय, असं त्यांनी अरबीत विचारलं. "माझंच माप चुकलं," सुगेंग म्हणाला. मुनाफ दोन पावलांवर कडक इस्त्रीच्या शर्टात उभा होता. मी कापलं, एवढं बोलायचं होतं. तो ज्यूस पीत राहिला. हाशिम मान हलवून पुढच्या चित्राकडे गेले.

घरी सगळं ऐकून बायकोने, नसीमाने विचारलं, "मग तुमी काय बोललांव नाय?"

"लाज वाटली."

"आणि त्याच्या नावावर खपलं तेची नाय वाटली?"

तीन दिवस मुनाफला जेवण गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी दुकानातला सगळ्यात मोठा कॅनव्हास घेऊन तो सुगेंगच्या खोलीवर गेला.

"सबके सामने बोलना था. नहीं बोला. माफ करो. माँ का फिरसे बनाओ, जितना बडा चाहिए."

सुगेंगने कॅनव्हास घेतला, चहा केला. "मफी मुश्किल, भाई," म्हणाला. इथल्या अरबीत, काही हरकत नाही.

दोन महिन्यांनी तो कॅनव्हास घेऊन दुकानात आला. मुनाफने घाईघाईने कागद सोडला. घोडा होता. आयाळ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, खाली वाळू, वर खजुरीची पानं. बोट ठेवायला जागा मोकळी नव्हती.

"माँ का?" मुनाफने विचारलं.

"अभी ऐसा बनाता हूँ," सुगेंग म्हणाला. "फ्रेम करने को आपको आसान."

टोमणा असता तर मुनाफने तो आनंदाने खाल्ला असता. पण सुगेंग खरोखरच त्याची सोय बघत होता.