जे-चारचं माप

आधीच सांगतो, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. असल्या गोष्टी ऐकून पोट धरून हसणाऱ्यांपैकी मीही एक आहे. आमच्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या, आणि वडिलांनी लहानपणी मुद्दाम चिंचेखाली झोपवून आमची भुताची भीती घालवलेली. त्यात माझा धंदा मोजमापाचा. बॉयलर, टाक्या, पाइप यांचा पत्रा किती जाड उरलाय ते अल्ट्रासोनिक यंत्राने मोजायचं आणि रिपोर्टवर सही करायची. आकडा आला तर गोष्ट खरी, नाहीतर नुसत्या गप्पा... असा माझा खाक्या. हे लिहायला दोन वर्षं लागली, कारण यातला घोळ आकड्याचाच आहे.

कारंजा लाडच्या बाहेर एका हौशी संस्थेने वाफेचं जुनं नॅरोगेज इंजिन चालू करायला घेतलं होतं. सव्वा किलोमीटर रूळ, एक पत्र्याची शेड, दोन डबे. इंजिन म्हातारं, पण काम अगदी आजचं — लेझर स्कॅन करून काढलेली ड्रॉइंग, नव्या ट्यूबा, नवे सेफ्टी व्हॉल्व्ह. आग पेटवायला मात्र माणूस जुनाच लागतो. वासुदेवदादा सत्तरी ओलांडलेले, वाफ बंद होईपर्यंत नॅरोगेजवर फायरमन होते. फायरमन म्हणजे भट्टीच्या दाराशी उभं राहून कोळसा टाकणारा. भट्टीचा पत्रा फाटला तर वाफ आणि उकळतं पाणी पहिलं त्याच्याच अंगावर येतं.

मी भट्टीत बसून खडूने चौकोन आखले. आडव्या ओळी ए ते एच, उभ्या एक ते चौदा. एकूण एकशेबारा मापं, सगळी दहा मिलिमीटरच्या आसपास. नववी आडवी ओळ मात्र ज्वाळा वळवायला भट्टीत बांधतात त्या विटांच्या कमानीमागे होती. नियम असा की माप आधी, विटा नंतर. पण कार्यक्रमाची तारीख ठरलेली, त्यामुळे मी यायच्या दहा दिवस आधीच गवंड्याने कमान बांधून सांधे लिंपून टाकले होते.

संस्थेचे सचिव गावंडे साहेब म्हणाले, "इंगळे भाऊ, त्याच्या मांगचा पत्रा नवाच टाकेल हाये. कायले फोडता?"

आणि मी... नाही फोडली. कागदावर त्या ओळीला 'जे' म्हटलं — आमच्या धंद्यात 'आय' वगळतात, ते एक आकड्यासारखं दिसतं — तिच्यावर रेघोट्या मारल्या, 'नवीन पत्रा' लिहिलं आणि मोकळा झालो. पंधरा वर्षांत असं कधी केलं नव्हतं. त्याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पहिली आग पेटायची होती. पूजा झाली, नारळ फुटला, भट्टीत लाकडं रचून झाली. पाहुणे वाशिमहून निघालेले. रिपोर्टची प्रिंट काढायची म्हणून मी शेडमधल्या टेबलावर यंत्र लॅपटॉपला जोडलं. फाइलमध्ये एकशेतेरा मापं होती.

शेवटचं माप जे-४. तीन पूर्णांक एक मिलिमीटर. वेळ कालची, दुपारी एक वीस.

मी आधी यंत्राला शिवी घातली, मग डोकं चालवलं. एक वीसला आम्ही शेडच्या सावलीत जेवत होतो. यंत्र पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात, आणि पेटीलाच मी पाठ टेकलेली. शेजारी वासुदेवदादा भाकर-ठेचा खात होते. फोन काढून पाहिला — बायकोशी एक चौदा ते एक सव्वीस बोलत होतो. बरं, त्या यंत्रात मापाला नाव द्यायचं तर बटणं दाबून एकेक अक्षर निवडावं लागतं, ते चुकून होत नाही. आणि 'जे' ओळ तर फक्त माझ्या खिशातल्या कागदावर होती...

खरं सांगतो, माझं बोट डिलीटवर गेलं होतं. पुसून टाकलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. तेवढ्यात बाहेरून दादांचा आवाज आला, "हं, लावू काय?" बघतो तर त्यांच्या हातात घासलेटात भिजवलेला बोळा, पेटलेला. भट्टीचं दार उघडं.

"दादा, थांबा! लावू नोका!" खुर्ची पाडून मी धावलो.

"काहून? काय झालं?"

गावंडे साहेब मध्ये पडले. "भाऊ, पूजा झाली ना आता! पाहुणे येऊन राह्यले. परवा पाण्याच्या प्रेशरवर टिकलं की नाई बॉयलर?"

"टिकलं. पण थंड्या पाण्याचं अलग अन् तापल्या वाफेचं अलग. विटा फोडल्याबिगर मी सही देत नाई."

"असं दिसलं तरी काय तुमाले?"

मी म्हटलं, "एक आकडा आला."

गावंडे साहेबांचा चेहरा लालबुंद. दादांनी मात्र बोळा शांतपणे मातीत विझवला. म्हणाले, "भाऊ सही देत नाई म्हन्ते, तं मी पेटवत नाई. दाराशी मले उभं राहा लागते साहेब, तुमाले नाई."

लाकडं बाहेर काढली. छिन्नी-हातोडा घेऊन मी आत शिरलो. कमानीचे सांधे बोटांनी चाचपले — माती वाळून दगड झालेली, केसभरही भेग नाही. पहिली वीट निघायलाच वीस मिनिटं गेली. घामाने डोळे चुरचुरत होते. पत्रा नवा निघाला तर कारंज्यात तोंड दाखवायची सोय राहणार नाही, हे कळत होतं. पण त्याहून जास्त भीती पत्रा जुना निघण्याची होती.

तिसरी वीट निघाली. टॉर्च मारला. पत्रा जुनाच होता, वरून गुळगुळीत, धडधाकट दिसणारा. आणि बरोबर चौथ्या उभ्या ओळीच्या जागी रुपयाएवढा चकचकीत ठिपका.

आमचं यंत्र पत्र्याला टेकवण्याआधी तिथे थोडी जेल लावावी लागते, त्याशिवाय माप येत नाही. मी ठिपक्याला बोट लावलं. जेल होती, अजून ओली.

"भाऊ? ओ भाऊ?" दादा बाहेरून हाका मारत होते. कसंबसं यंत्र आत मागवून घेतलं, त्याच ठिपक्यावर टेकवलं. तीन पूर्णांक एक.

पुढे तो पत्रा कापून काढला. पाण्याच्या बाजूने गंजाने पार खाल्लेला. नवा बसला, चार महिन्यांनी इंजिन चाललं, आणि भट्टीच्या दाराशी वासुदेवदादाच होते.

यंत्र मी पुण्याला तपासायला पाठवलं. काही बिघाड नाही. एक मित्र म्हणतो, तूच मोजलं असशील, विसरला असशील. चला, मानलं... पण दहा दिवस आधी लिंपलेल्या विटांमागे माझा हात गेला कसा? वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "तपासत राय." मी अजून तपासतोय.

इंजिन चाललं त्या दिवशी दादांनी मला घरी जेवायला नेलं. त्यांच्या बायकोने माझ्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली आणि म्हणाली, "तुमी मोजलं म्हून आमचा मानूस घरी हाये, भाऊ." मी मान खाली घालून ती पोळी खाल्ली. मी मोजलं नव्हतं, मी तर ती ओळ सोडून दिली होती... हे त्यांना सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.