कोरड्या विहिरीतलं हिरवं पाणी

मी तेलाच्या नोकरीत होतो असं कळलं की लोकांना आग, कारंजी, काळं सोनं असलं काहीतरी ऐकायचं असतं. मी सांगतो, बाबांनो, माझी उमेदीची सगळी वर्षं जमिनीत पाणी ढकलण्यात गेली. मग ते हसतात. कोरड्या माण तालुक्यातला माणूस, आणि पगार घेतो तो जमिनीत पाणी घालायचा, यात हसण्यासारखं आहेच. बाहत्तरच्या दुष्काळात मात्र मला कुणी हसलेलं खपत नव्हतं.

आसामातलं आमचं तेलक्षेत्र फार मोठं आणि फार जुनं होतं. जमिनीखालच्या खडकात जो दाब असतो, तोच तेल वर लोटतो. माझ्या आजाच्या काळापासून उपसत आल्यावर तो दाब सरत आला होता. म्हणून वरच्या लोकांनी सगळं नव्यानं करायला घेतलं होतं. वाफेवरचे पंप मोडीत काढले, विजेवरचे आणले, आणि नदीचं पाणी गाळून ते ठरावीक विहिरींतून जोरानं खाली दाबायला सुरुवात केली. ते पाणी खडकात उरलेलं तेल पुढं रेटत दुसऱ्या विहिरींकडं नेतं. त्या पाण्याच्या पंपांवर मी फिटर होतो. लोखंडी कांबीचं एक टोक पाइपाला टेकवायचं, दुसऱ्याला कान लावायचा आणि आत सगळं ठीक चाललंय ना ते ऐकायचं, ही तिथली पहिली विद्या.

जंगलात जुन्या, सोडून दिलेल्या विहिरी होत्या. लोखंडी झाकणं गंजलेली आणि वर वेलींचं रान. नकाशावर असलेल्या सापडत नसत आणि सापडत त्या नकाशावर नसत. एकदा आम्ही इकडं पाणी दाबायला लागलो आणि लांब, चहाच्या मळ्याच्या कडेला, वर्षानुवर्षं मेलेली म्हणून सोडलेली एक विहीर झाकणाखालून बुडबुडायला लागली. ऐन दुपारी, आसपास चिटपाखरू नाही, आणि ती आपली बोलते आहे. माझ्याबरोबरचा भला दांडगा माणूस दोन पावलं मागं सरला. मीही सरलो होतो, उगाच कशाला खोटं बोलू!

खाली दाबलेलं पाणी कुठून कुठं जातं ते कळावं म्हणून आम्ही त्यात रंग घालत असू. कोरडी असताना ती भुकटी अगदी शेंदरासारखी दिसे. पाणी लागलं की हिरवीगार. चिमूटभर पुरे, हौदच्या हौद हिरवा होई. एका विहिरीत रंग घातला, नंतर आम्ही तो विसरूनही गेलो, आणि एका सकाळी भलत्याच टोकाच्या विहिरीतून तेलाबरोबर हिरवं पाणी आलं. एवढा वेळ ते अंधारात, खडकातून, कुणाला न दिसता चालत होतं, हे मनात येऊन माझ्या अंगावर काटा आला.

मेलेली विहीर बोलली ती आणि हिरवं पाणी निघालं ती, या दोन्ही गोष्टी मी एका रजेत घरी रंगवून सांगितल्या. आबा हसले. आई हसली नाही. तिनं त्या मनात ठेवल्या.

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात कुंडलला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीनं निरोप धाडला, दादा, असशील तसा ये, आई हटून बसलीय. मी पाळीवरून सुटलो तो अंगातले कपडे ट्रंकेत कोंबून थेट गाडीत बसलो. गावात एस.टी.तून उतरलो तेव्हा टळटळीत दुपार होती. निम्मी घरं कुलपात. बाप्ये मुंबईला, मेंढरं खालच्या मुलखात, उरलेली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. आसामात पंपांची धडधड दिवसरात्र कानात असायची, आणि इथल्या शांततेत मला कान गेल्यासारखं वाटलं.

घरी आबा बैलाजवळ बसले होते. जोडीतला एक बैल गेला होता. दुसऱ्याच्या फासळ्या लांबून मोजता आल्या असत्या. आबांच्याही.

"आई कुठाय?" मी विचारलं.

"हिरीत," आबा म्हणाले. "रोज दुपारी जाती."

आता हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्याकडं प्रत्येक विहिरीत सात आसरा असतात. त्या पाण्यातल्या बाया. त्यांना हिरवा रंग आवडतो, म्हणून हिरवा खण, हिरव्या बांगड्या. भर दुपार ही त्यांची वेळ. तेव्हा विहिरीवर कुणी जायचं नसतं, गेलेला माणूस त्या ओढून नेतात, असं लहानपणापासून आम्हाला आईनंच बजावलेलं. आणि आता तीच बाई नेमकी त्या वेळेला खाली उतरत होती.

मी पायऱ्या उतरलो. विहिरीचा तळ भेगाळला होता. कपारीतले पारवे तेवढे उरले होते, ते फडफडले की ती फडफड भिंतीभिंतीतून फिरून पुन्हा अंगावर येई. तळाच्या देवळीत शेंदूर फासलेले सात दगड, आणि त्यांच्यापुढं आई. इतकी वाळली होती की मला आधी ती दिसलीच नाही, लुगडं दिसलं.

"आलास?" ती म्हणाली. "बस. आवाज करू नगंस."

"आई, कामावर तुला दोनदा भोवळ आली म्हणं. चल कुंडलला. दाजींनी गाडी पाठवतो म्हणून सांगितलंय. तितं कृष्णेचं पानी हाय, बैलाला उसाचं वाडं मिळंल."

"लेकीच्या सासरी ऱ्हायचं व्हय?"

"बरं, तितं येगळी चूल मांड. पर चल."

"आमी गेलो तर ह्यांच्याकडं कोन बघंल?" तिनं दगडांकडं हात केला. "घर सोडून गेलं की ह्या बी जात्यात. मंग पुन्ना येत न्हाईत. तूच सांगितलंस न्हवं, मेलेली हीर जित्ती झाली म्हून? तिकडं पानी ढकलता, इकडं कवातरी निगंलच की."

मी समजावलं. आसाम कुठं, माण कुठं, मध्ये मुलूखच्या मुलूख आडवे. खडकांचं शास्त्र सांगितलं. घसा कोरडा झाला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हिरवं व्हऊन यील. तवा जाऊ."

माझं डोकंच फिरलं. अशा हट्टाला काय औषध! आणि त्याहून वाईट म्हणजे आबाही हलेनात. "ती हाय तर मी हाय," एवढंच. स्वतःच्या वाट्याच्या घागरीतलं पाणी ते बैलाला पाजत होते. बैल पडला असता आणि त्याच्यामागून आबा, हे मला स्वच्छ दिसत होतं. आईलाही दिसत असणार.

संध्याकाळी तिनं माझी ट्रंक उघडली. वरच कामावरचा शर्ट होता. त्याच्या उजव्या बाहीवर भुकटीचे डाग होते.

"शेंदूर कसला रं? कुटल्या देवाला गेला हुतास?"

"देव न्हाई. कामावरचा रंग हाय," मी चिडून म्हणालो. तिनं शर्ट घडी करून परत आत ठेवला. धुवायचा प्रश्नच नव्हता, पाणी होतं कुठं?

दुसऱ्या दुपारी तिनं मला पुन्हा खाली नेलं. हातात पहार दिली. "ऐक," म्हणाली. ही कांबीची विद्याही मीच तिला सांगितली होती, आता दोष कुणाला देणार? तिच्या समाधानासाठी मी पहारीचं टोक तळाच्या खडकाला टेकवलं आणि दुसऱ्या टोकाला कान लावला. आधी काहीच नव्हतं. मग हळूहळू धड, धड, धड. खोल, सावकाश, न चुकता. माझंच रक्त कानात वाजतंय हे मला ठाऊक होतं. तरी मी पहार टाकून दिली आणि पायऱ्या चढून उन्हात आलो. भर उन्हात माझे दात वाजत होते.

"ऐकलंस न्हवं?" ती खालून म्हणाली.

त्यानंतरच्या दिवशी मी तलाठ्याकडं गुरांच्या छावणीची चौकशी करून परतलो, तर आई दारात उभी. डोक्यावर पदर, हातात गाठोडं.

"आवं, बैल सोडा," ती आबांना म्हणाली. "आल्यात त्या."

आबा आणि मी विहिरीत उतरलो. देवळीपुढच्या खळग्यात परातीएवढं पाणी होतं. हिरवं. वरून तळापर्यंत उतरलेल्या उन्हात ते पेटल्यासारखं दिसत होतं. असं हिरवं मी जगात एकाच जागी पाहिलं होतं, आणि ती जागा आगगाडीनं कित्येक दिवसांच्या वाटेवर होती. मी बोट बुडवलं. पाणी गार होतं.

आबांनी माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मीही त्यांच्याकडं पाहिलं. मग ते बैल सोडायला वर गेले.

निघताना मी ट्रंक उघडली. शर्ट घडी घातलेलाच होता, पण उजवी बाही धुतल्यासारखी स्वच्छ झाली होती. कापड कडक वाळलेलं, आणि शिवणीला बारीकशी हिरवी रेघ. छातीवरचं ओझं उतरलं. आबांचं काम! ज्या माणसानं त्या दगडांना कधी हात जोडले नव्हते, त्यानं तांब्याभर पिण्याचं पाणी खर्चून बायकोसाठी आसरा आणल्या होत्या. मला त्यांचं इतकं प्रेम दाटून आलं की मी तोंड धुवायच्या निमित्तानं परसात गेलो. परसात पाणी नव्हतं हे तिथं गेल्यावर आठवलं.

कुंडलला आईनं बहिणीच्या गोठ्याशेजारी वेगळी चूल मांडली आणि पावसापर्यंतचे दिवस काढले. बैल उभा राहिला. आबांच्या गालावर मांस आलं. मी आसामला परतलो. पुन्हा रंग घालायची पाळी माझ्यावर आली तेव्हा भुकटी सोडताना माझा हात क्षणभर थांबला. साहेबानं विचारलं, काय झालं? काही नाही म्हणालो.

दशक संपायच्या आत आई गेली. तेरावं झाल्यावर आबा आणि मी विहिरीच्या काठावर बसलो होतो. विहीर निम्म्याच्या वर भरलेली होती. देवळी पाण्याखाली होती. मला वाटलं, आता बोलायला हरकत नाही.

"आबा, तवा तुमी माझ्या शर्टाची बाही भिजवली ते लय बरं केलं. न्हाईतर आई तितंच गेली असती."

ते माझ्याकडं बघतच राहिले. "मी? मी कशाला तुझ्या ट्रंकंला हात लावू? मला वाटलं, तूच केलंस. म्हून तर मी काय बोललो न्हाई."

तेव्हा घरात तिसरं माणूस एकच होतं, आई. पण कोरडा शेंदूर पाणी लागल्यावर हिरवा होतो, हे मी तिला सांगितल्याचं मला काही केल्या आठवेना.

"तिनं केलं असंल," आबा शेवटी म्हणाले, "तर माझ्यासाटी. मी तिच्यापायी थांबलो हुतो. आसरांना सोडून जायचं तिच्या जिवावर आलं असंल, पर मला मरताना बघवंना तिला." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मीही रडलो.

"आन तिनं न्हाई केलं तर?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ज्या वेळेला जायचं नसतं त्या वेळेला, आबा आईच्या पेटीतला हिरवा खण घेऊन एकटेच पायऱ्या उतरले. पाणी लागलं तिथं थांबले, खण सोडला आणि हात जोडले. कुणाला जोडले, ते मी विचारलं नाही.