हरकतमामाने न विचारलेला प्रश्न

सभेच्या शेवटी कुणी "कुणाची काही हरकत?" असं विचारलं, की भुईगावातल्या माना आपोआप माझ्या मामाकडे वळायच्या. तो उभा राहणारच. टँकरवाल्यांनी विहिरी उपसायला हरकत, शेतांतल्या भरावाला हरकत, सणाला रात्रभर डीजे लावायला हरकत. वाड्यांवरच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करणारा हा माणूस. सगळं गाव त्याला हरकतमामा म्हणायचं. "गप्प बसलेल्याची सही झाली असंच धरतात रे," असं तो मला सांगायचा. मी अशा हरकतींची पत्रकं वाचत वाढलो, आणि त्यातली निम्मी त्यानेच आणून दिलेली होती.

कमरेखालचा विषय निघाला की मात्र हा माणूस उठून जायचा. विहिरीवर पोरं चेष्टा करायची, "मामा, लग्नाआधी मोटार तपासून घे!" सगळे हसायचे. मामा पाना उचलून दुसऱ्या वाडीला निघायचा. आम्हाला वाटायचं, लाजाळू आहे.

तो लाजत नव्हता, घाबरलेला होता. त्याच्या लिंगाच्या टोकाच्या कडेला तरुणपणापासून बारीक दाणे होते. कातडीच्याच रंगाचे, ओळीने बसलेले. दुखत नव्हते, खाजत नव्हते. लिंग हा शब्द मी मुद्दाम लिहितो आहे. तो सभ्य घरांत उच्चारायचा नाही म्हणूनच स्टेशनबाहेरच्या भिंतींवर 'गुप्तरोग' एवढ्या मोठ्या अक्षरांत रंगवता येतो. लग्न ठरल्यावर मामा अशाच एका भिंतीवरचा पत्ता वाचून गेला. तिथल्या माणसाने नीट पाहिलंही नाही. "जुना रोग आहे. बायकोला लागणार," असं म्हणून त्याने एक मलम दिलं. मलमाने कातडी जळली. मामाला वाटलं, रोग वर आला.

मुलगी नंदाखाल गावची. रीना, शाळेत शिक्षिका. चर्चच्या लग्नपूर्व शिबिरात दोघं शेजारी बसले होते. एक डॉक्टर बोलले आणि शेवटी म्हणाले, "कुणाला काही विचारायचं आहे?" साऱ्या गावाला प्रश्न विचारणारा माझा मामा खाली बघत बसला.

मग रविवारच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेत, त्यांच्या विवाहाची घोषणा झाली. आमच्यात ती लागोपाठ तीन रविवार होते. लग्नाला कुणाला अडथळा माहीत असेल तर त्याने फादरना सांगावं, असं बजावलं जातं. दुसऱ्या रविवारी मामा फादरकडे गेला.

"फादर, माझी हरकत आहे."

"आता कुणाच्या लग्नाला रे बाबा?"

"माझ्या."

फादर हसले. मग त्याचा चेहरा पाहून थांबले. "कारण?"

"सांगता येणार नाही. पण हे लग्न होणं बरोबर नाही."

लग्न मोडलं. रीनाला वाचवलं, असं मामाला वाटत होतं. गावाने वेगळाच हिशेब मांडला. "हरकतमामा उगाच बोलायचा नाही. पोरीतच काहीतरी असणार." त्याने आयुष्यभर कमावलेला खरेपणा असा रीनावर उलटला. तिला आलेली दोन स्थळं चौकशी करून परत गेली.

जखम भरेना तेव्हा त्याने मला सांगितलं. मी त्याला सरकारी दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि सरळ सांगितलं, "हे दाणे म्हणजे आजार नाही. पुष्कळ पुरुषांना असतात. कुणाला लागत नाहीत, औषधही नको. जखम मलमाची आहे, ते लावणं बंद केलं की भरेल. पुढे कधी जखम भरत नसेल, कातडी पांढरी पडून आवळत असेल, गाठ वाढत असेल, तर मात्र लगेच दाखवायचं. भिंतीवरच्या डॉक्टरला नाही."

"म्हणजे लग्नाला काहीच अडचण नव्हती?" मामाने विचारलं.

"कसली अडचण?" डॉक्टर म्हणाले.

त्याच संध्याकाळी तो नंदाखालला गेला. मी सोबत होतो. रीनाने सगळं ऐकून घेतलं, अगदी शेवटपर्यंत.

"मला एकदा विचारायचं होतंस," ती म्हणाली. "गावभर हरकती घेतोस, आणि माझ्यासमोर तोंड उघडलं नाहीस."

"माफ कर. अजूनही..."

"अजूनही काही नाही. माझं नाव गेलंय, ते परत आणून दे. चर्चमधून गेलं, चर्चच्या दारात आण."

पुढच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर मामा दारात उभा राहिला आणि बोलला. रोगाची भीती मला होती, रीनात काही खोट नव्हती, आणि मलाही रोग नव्हता, सगळं, त्या अवयवाच्या नावानिशी. आधी कुणीतरी हसलं. मग बायांनी पोरांना हाताला धरून पुढे नेलं. माझी आईसुद्धा निघून गेली. भावाशी ती पुढे कित्येक महिने बोलली नाही.

लग्न मोडलं तेव्हा गावाने मामाला सांभाळून घेतलं होतं. एका निरपराध मुलीचं नाव घालवलं, तेही चाललं. त्याने खरं कारण सांगितलं, ते मात्र चाललं नाही! जेवणाची आमंत्रणं थांबली, मोटारींची कामं दुसऱ्याला गेली. शेवटी तो कुवेतला नोकरीला निघून गेला.

आता त्याला तिथे गावातून फोन येतात. ज्यांनी पाठ फिरवली होती, त्यांचेच. आवाज खाली, आडून आडून सुरुवात. मामा त्यांना एकच सांगतो, "मी मोटारवाला आहे. घाबरू नकोस आणि लपवू नकोस. खऱ्या डॉक्टरला दाखव, आणि बायकोला सांग."

गेल्या महिन्यात रीनाच्या भावाने फोन केला. मामाने त्यालाही तेच सांगितलं. मग न राहवून विचारलं, "रीना कशी आहे?"

पलीकडून फोन ठेवला गेला.