जड वांगी, हलकी वांगी

साताऱ्याहून धुळ्याच्या एसटीत बसले तेव्हा मांडीवर चेंडूंची पिशवी होती, गळ्यात माउथ ऑर्गन आणि डोक्यात आईचं वाक्य: "सोमवारी शाळेला काय ते कळवून टाक." संगीत शिक्षिकेची नोकरी चालून आली होती. नऊ वर्षं मी चेंडू हवेत उडवत, माउथ ऑर्गन वाजवत, मध्येच विनोदी गाणी म्हणत गावोगाव फिरतेय. लोक टाळ्या वाजवतात, पण हसत नाहीत. आई तर एकदाही हसलेली नाही. खानदेशातही कुणी हसलं नाही तर मुकाट्याने नोकरी धरायची, असं मी ठरवून टाकलं होतं. तरीही खिडकीबाहेर कापसाची शेतं सुरू झाली आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटायला लागल्या.

पहिला कार्यक्रम साक्रीच्या आठवडी बाजारात होता. चारही चेंडू एकदाही खाली पडले नाहीत. टाळ्या जोरात, हसू शून्य! पुढे बसलेल्या एका नानांना मी न राहवून विचारलंच, "कसं वाटलं?"

"भारी शे, बेटी," नाना म्हणाले. "पन तुनं तोंड पाहीसन हासानी हिंमतच व्हत नही." (तुझं तोंड बघून हसायची हिंमतच होत नाही.)

मी तिथेच गरमागरम भजी खाल्ली आणि जळगावची वाट धरली.

जळगावात पिंप्राळ्याच्या एका कॉलनीने भरीत पार्टीला मला बोलावलं होतं. निवृत्त एसटी ड्रायव्हर असलेले आबा यजमान. सकाळी त्यांच्या पत्नी, सगळ्यांच्या अक्का, वांगी आणायला निघाल्या. मी म्हटलं, "अक्का, निवडायचं काम माझ्यावर सोपवा. वजनाचा अंदाज हा तर माझा धंदा आहे!" बाजारात अक्का मिरच्या-कोथिंबिरीकडे वळल्या. मी एकेक हिरवं वांगं हातात तोलून चांगली भरदार, वजनदार अशी पोतंभर निवडली. स्वतःवर मी भलतीच खूश होते.

कॉलनीमागच्या मोकळ्या जागेत पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) पेटवायला सगळे जमले होते. अक्कांनी पोत्यातलं एक वांगं उचललं, दुसरं उचललं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अवं माय! बठ्ठे (सगळे) जडच उचलले का वं? बियाच बिया भरेल आहे यांच्यात! भरताले हलकं वांगं लागते!"

मग एक काकू फिस्सकन हसल्या आणि पाठोपाठ अख्खी कॉलनी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबांनी स्कूटरला किक मारली आणि हलकी वांगी आणायला गेले.

ते परत आले तरी हसू ओसरलं नव्हतं. काय सुचलं कोण जाणे, मी चेंडूंची पिशवी बाजूला सारली, दोन जड वांगी घेतली, एक हलकं घेतलं आणि उडवायला लागले. जड वांगी नेमाने हातात येत होती. हलकं भलतंच उंच जाऊन मागे पडत होतं. मी धावत जाऊन झेलायची, चुकायची. "हे कसलं?" मी ओरडले. "हलकं!" पोरं ओरडली. "आणि हे?" "जड!" माउथ ऑर्गनवर जडाला खालचा सूर, हलक्याला वरचा. शेवटी वांगं माझ्या डोक्यावर आपटलं आणि आबा हसता हसता खालीच बसले. नऊ वर्षं मी काही पडू नये म्हणून जीव टाकत होते, आणि लोक तर पडायचीच वाट पाहत होते!

मग कळण्याच्या भाकरीबरोबर (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) झणझणीत भरीत हादडलं. निघताना अक्कांनी एक जड वांगं माझ्या पिशवीत कोंबलं. "भरीत नको करू याचं," त्यांनी बजावलं.

रविवारी घरी पोचले. आईने ते वांगं पिशवीतून काढून हातात तोललं. "किती भरदार आहे गं! भरीतच करते याचं."

मी थेट अक्कांसारखा कपाळावर हात मारला. "अवं माय! बियाच बिया भरेल आहे!"

आई आधी दचकली आणि मग जी हसत सुटली, ती ओट्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पदराने डोळे पुसत तिनेच विचारलं, "मग, उद्या शाळेला काय सांगणार?"

"तूच सांग," मी म्हणाले.

तिने वांगं माझ्याकडे उडवलं. "ते नंतर बघू. आधी पुन्हा करून दाखव."