मातामायला घातलेले पाणी

दादा गेल्यापासून देवासमोर हात जोडले जात, पण मन जोडले जात नव्हते. विषाणूजन्य न्यूमोनियाने ते गेले. वर्ष उलटते न उलटते तोच त्यांच्या पत्नी, माझ्या वहिनी, त्याच आजाराने वणीच्या दवाखान्यात दाखल झाल्या. पुस्तकांत आयुष्य घालवलेल्या मला प्रार्थनेसाठी एकच शब्द सुचत होता: लढा.

डॉक्टरांनी मला आणि पुतणीला समजावून सांगितले. आपल्या रक्तात टी पेशी असतात. काही टी पेशी विषाणू शिरलेल्या पेशींना मारतात, काही त्या मारणाऱ्यांना आवरतात. आवरणाऱ्या फार लवकर जोरात आल्या, तर विषाणू मोकाट सुटतो. त्या कमी पडल्या, तर विषाणू हटल्यावरही लढाई थांबत नाही आणि फुप्फुसच होरपळते. वहिनींचे तसे होत होते. ही लढाई शांत करणारे औषध देण्यात जोखीम होती, म्हणून आमचा होकार हवा होता.

बाहेर आल्यावर पुतणी म्हणाली, "काका, बाबाले बी हेच देल्लं होतं. आता आईची ताकदच कमी करायची? मी कायले हो म्हणू? तुमीच सांगा."

थोडा वेळ दे, असे मी तिला म्हणालो. मी रस्त्यापलीकडे कडुलिंबाखाली जाऊन बसलो. तिथे मातामायचे, म्हणजे गोवर-कांजिण्यांच्या देवीचे, ठाणे आहे; गोवर निघाला की तीच अंगात आली, असे इकडे मानतात. एक म्हातारी शेंदूर लावलेल्या दगडावर तांब्याने पाणी घालत होती. तिच्या नातवाला गोवर निघाला होता.

"काहून असे बसले भाऊ?"

"वहिनी आजारी आहेत. त्यांना लढायचं बळ दे, म्हणतोय."

ती हसली. "अजून लढाले लावता का मायले? ताप आतमंदी होता तवा म्या थेंब नाही घातला. आधी निघू द्या लागते. आता निघाली, तं बस झालं माय, थंडी हो, म्हनून राह्यली. नुसतं पाहून काय राह्यले? घाला नं!"

मी पाणी घातले. दगडावरून ओघळून ते मुळांकडे गेले. जिंकून दे, असे माझ्या ओठांवर आले नाही. 'माय, आता शांत हो,' एवढेच आले, आणि पुढचे मी मातामायवर सोपवले. परत जाऊन पुतणीला म्हणालो, "हो म्हण बाई."

औषध लागू पडले. हळूहळू ताप उतरला, श्वास मोकळा झाला आणि वहिनी मारेगावला घरी आल्या. मी पुन्हा त्या ठाण्यावर गेलो, पण म्हातारी दिसली नाही. नातू बरा झाला असेल, तिला यायचे कारण उरले नसेल. तिला मी मनोमन नमस्कार केला.

तेच औषध दादांना का लागू पडले नाही, हे डॉक्टरांना ठाऊक नाही, मलाही नाही. आता मी देवाला ते विचारत नाही. परवा अंगणात बसल्या बसल्या वहिनींनी हळूच विचारले, "भाऊजी, शेवटी तुम्हीच यांच्याजवळ होता. हे शांत होते का?"

"हो वहिनी," मी म्हणालो. दादांविषयी बोलताना पहिल्यांदाच माझा आवाज कापला नाही.