सर आणि माझी डाळिंबं

आमचे विज्ञानाचे सर लग्नाच्या स्वयंपाकात जाऊन आचाऱ्याचा हात धरायचे. लासुर्ण्यात एकदा काकडीच्या कोशिंबिरीत मीठ पडणार, तोच सर आडवे. "आत्ता नको! मीठ पडलं की पेशीतलं पाणी बाहेर धावतं." आचारी वैतागला, "सर, धावू द्या की, माझी अजून निम्मी भांडी पडल्यात." पंगत बसेपर्यंत सर मिठाचा डबा मांडीवर घेऊन बसले.

नववीत त्यांनी मला विचारलं, मुळं पाणी कधी पितात? "मोटार चालू केल्यावर," मी म्हणालो. सर पोट धरून हसले आणि शून्य दिलं. अर्धा मार्क तरी द्यायला हवा होता. आमच्या निमगावात मोटारीशिवाय कोण काय पितं?

पुढं घासाघीस करकरून मी दोन एकरांचे अकरा एकर केले. एका वर्षी डाळिंबं किलोवर, म्हणजे वजनावर जाणार होती. म्हणून व्यापारी यायच्या आधी तहानलेल्या बागेला दोन दिवस दाबून पाणी सोडलं. फळं टरारली. दर ठरला, तोडणी चार दिवसांनी; तोवर फळाला काही झालं तर नुकसान व्यापाऱ्याचं. तेवढ्यात सर बांधावर उगवले. चिखल बघून व्यापाऱ्यादेखत म्हणाले, "दत्ता, आजच उतरव. आत साखर आहे, पाणी पेशीत शिरतच राहणार. दाणे फुगतील, साल किती ताणणार?"

व्यापारी लगेच म्हणाला, "दत्ताराव, मग किलोला सात रुपये कमी."

"एक रुपया न्हाय! नीघ हितनं!"

"व्हय, निघालो."

तिसऱ्या दिवशी बाग तडकली. निम्म्याहून जास्त फळं गेली.

आठवड्यानं सर अख्खा वर्ग घेऊन बागेत आले. "मुलांनो, हे माझे माजी विद्यार्थी. यांनी हा प्रयोग स्वखर्चानं केलाय." पोरांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

निवृत्त होऊन सर बारामतीला मुलाकडं निघाले, तेव्हा सगळे त्यांना निरोप द्यायला स्टँडवर आले होते. मी भांडायला गेलो होतो.

"सर, त्या व्यापाऱ्यासमोर बोलायला नको होतं तुमी. मी तुमचा विद्यार्थी. तो कोण लागतो तुमचा?"

"तोही विद्यार्थीच. इंदापूरच्या शाळेतला." सर एसटीच्या पायरीवर थांबले. "तुम्हा दोघांतला कोण बुडालेला चालला असता, ते तूच सांग."

कंडक्टरनं घंटी मारली. मी तोंड उघडेपर्यंत एसटी स्टँडाबाहेर पडली होती.

पटेल असं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. त्यामुळं सरांचा फोन आला की मी रागातच बोलतो.